किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान आणि माझी ड्युटी. आठ वाजता तासगावात साहित्य घ्यायला हजर व्हायचं होतं, म्हणून पावणेसातलाच सांगलीतल्या विश्रामबागेतून निघाले. मागच्या सीटवर अंथरूण-पांघरुणाची पिशवी, डबा, नेमणुकीचा आदेश. किल्ली फिरवली. टक. बोनेटखालून एकच आवाज आणि पुढे शांतता. डॅशबोर्डवरचे दिवे झगझगीत, रेडिओ चालू, गाडी मात्र ढिम्म.

पुन्हा फिरवली. टक. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा काहीच झालं नसल्यासारखी गाडी सुरू झाली. निवडणुकीच्या ड्युटीला गैरहजर राहिलं तर नोटीस येते, त्यामुळे काय झालं होतं याचा विचार करायच्या मनःस्थितीत मी नव्हते. तासगावला पोचले, दोन दिवस त्या गडबडीत गेले आणि गाडीचं विसरूनही गेले.

गाडी २०१३ची, पेट्रोलवरची, साधी गिअरची हॅचबॅक. रोज सांगली ते तासगाव आणि परत. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कुमठे फाटा हा रस्ता तिला माझ्याइतकाच पाठ आहे. अकरा वर्षांत तिने मला वाटेत सोडलं नव्हतं.

२८ नोव्हेंबरला, गुरुवारी, शाळा सुटल्यावर पुन्हा टक. सात-आठ वेळा फिरवली. नववीची पाच-सहा पोरं मैदानावर होती, ती धावत आली. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवलेला. पोरांनी ढकलली, वेग आला तसा क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली. आमच्या मैदानाला फाटकाकडे थोडा उतार आहे म्हणून हे जमलं. सांगलीत असा उतार शोधायचा म्हटलं तर कठीण. गाव ताटासारखं सपाट, म्हणून तर पुराचं पाणी आलं की मुक्कामालाच येतं. (हा पूर पुढे परत येणार आहे.)

धक्क्याने गाडी सुरू झाली, म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, इंजिन धड आहे. बिघाड फक्त इंजिन फिरवणाऱ्या भागात आहे. एवढं तेव्हा कळलं असतं तरी पुढचा अर्धा शोध वाचला असता. गॅरेजवाल्याला ‘गाडी स्टार्ट होत नाही’ एवढंच सांगितलं की तो दोन वेगळ्या आजारांत गोंधळतो. एकात सेल्फ (इंजिनला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर) फिरतो, घर्रघर्र होतं, पण इंजिन पकडत नाही. दुसऱ्यात सेल्फच फिरत नाही. माझी तक्रार दुसरी होती आणि मी महिनाभर सगळ्यांना पहिलीच्या शब्दांत सांगत फिरले.

२ डिसेंबरला, सोमवारी सकाळी, माधवनगरच्या अलीकडे पंपावर पेट्रोल भरलं आणि गाडी तिथेच बसली. मागे रांग, हॉर्न. पंपावरच्या मुलांनी बाजूला ढकलून दिली. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्सची पुरवणी घेतली होती, ती पहिल्यांदाच वापरली. नंबर पॉलिसीच्या दुसऱ्या पानावर सापडला. पॉलिसी क्रमांक, गाडी क्रमांक, चासी क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे, ‘मॅडम आपण सुरक्षित ठिकाणी आहात का’, मग लोकेशनची लिंक. माझ्या पॉलिसीत वर्षाला चार वेळाच ही मदत मिळते, हेही तेव्हाच समजलं. ७५ मिनिटांनी मोटारसायकलवर एक तरुण आला, पाठीवरच्या सॅकमध्ये छोटी बॅटरी आणि दोन वायरी. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, काळा चिमटा दुसरीकडे कुठेतरी. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

“बॅटरी बसलीया मॅडम. आज-उद्या बदलून टाका.”

त्याच्या मोबाईलवर सही केली. त्यावर कारण लिहिलं होतं, ‘बॅटरी वीक’. शाळेत उशीर का झाला याचा पुरावा म्हणून मी उघड्या बोनेटचा, वायरी लावलेल्या गाडीचा एक फोटो काढून मुख्याध्यापकांना पाठवला. हा फोटो लक्षात ठेवा.

बॅटरी तीन वर्षांची झाली होती, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी ३५ एएच (अँपिअर-तास) क्षमतेची नवी घेतली. जुनी देऊन ४,७५० रुपये. त्यात तेव्हाचा २८ टक्के जीएसटी. बिलावर आणि वॉरंटी कार्डावर तारीख, सिरियल नंबर, गाडीचा क्रमांक आणि दुकानाचा शिक्का, हे चारही आहेत ना ते दुकानातच बघून घ्या. माझ्या कार्डावर शिक्का नव्हता, त्यासाठी पुन्हा एक हेलपाटा पडला.

दहा दिवस गाडी गुणी लेकरासारखी वागली. १३ डिसेंबरला, शुक्रवारी सकाळी, टक.

त्या क्षणी मला राग आला नाही, पोटात खड्डा पडला. पूर्ण बंद पडलेली गाडी परवडते. टोचन लावून नेता येते, कोणालाही दाखवता येते. कधी चालू होणारी, कधी न होणारी गाडी म्हणजे डॉक्टरसमोर गेलं की ताप उतरणाऱ्या पोरासारखी. बॅटरीच्या दुकानात नेली तर पाचही वेळा चालू. त्याने मीटर लावला, १२.६ व्होल्ट. लोड टेस्टर लावला, तोही ठीक. “वॉरंटीत काहीच बसत नाही ताई, बॅटरी फर्स्ट क्लास आहे.” खरंच होतं ते.

मग आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे. माणूस सरळ आहे, विनाकारण खर्चात पाडत नाही. त्यांनी आवाज ऐकला (सुदैवाने एकदा झाला) आणि म्हणाले, “सेल्फचे कार्बन गेले असणार. अकरा वर्षं झाली, उघडून बघूया की.” १६ तारखेला गाडी ठेवली, १७ला संध्याकाळी मिळाली. कार्बन ब्रश, बुश, सोलेनॉईडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) आतले संपर्क घासून साफ, मजुरीसह १,६५० रुपये. जुने ब्रश त्यांनी मला दाखवले. झिजलेले होते, पण संपलेले नव्हते. ते स्वतःच म्हणाले, “अजून वर्षभर चालले असते.” हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. गाडी सुरू होत होती, मला तेवढंच पाहिजे होतं.

या वेळी २० दिवस. नाताळ गेला, नवं वर्ष आलं. ६ जानेवारीला सोमवारी एकाच दिवसात दोनदा टक, सकाळी दारात आणि संध्याकाळी शाळेत. पोरं आता न सांगता फाटकाजवळ थांबत होती.

घरात दोन पक्ष पडले होते. यजमानांचं म्हणणं, विकून टाकू. सासूबाईंचं म्हणणं, गाडीला लिंबू-मिरची बांध. मी तिसरा मार्ग काढला आणि मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. कुठलं ते महत्त्वाचं नाही. असंच सगळीकडे होत असावं असं मला वाटतं. ८ जानेवारीला सकाळी जॉबकार्ड झालं. मी पाच मिनिटं सविस्तर सांगितलं, सर्व्हिस ॲडव्हायझरने मान डोलावली आणि लिहिलं, ‘स्टार्टिंग ट्रबल’. दोन शब्द. आत जो कामाला लागतो त्याच्यापर्यंत तेवढंच पोचतं, तुमचं बोलणं नाही. सही करायच्या आधी तक्रारीचा रकाना वाचा आणि आपलं वाक्य तिथे लिहून घ्या. माझं वाक्य असायला हवं होतं: ‘कधी कधी सेल्फ फिरत नाही, एकच टक होतं, दिवे मंद होत नाहीत, धक्क्याने सुरू होते.’

तीन दिवस गाडी तिथे होती. स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. नंतर समजलं की तो निघणारही नव्हता. सेन्सर नीट बोलतात की नाही हे स्कॅनर सांगतो. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या जाड तारेतून करंट पुरेसा जातो का, हे माझ्या गाडीत त्याला कोणी कळवतच नाही. १० तारखेला निकाल आला: ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ तीन दिवसांत त्यांनी पंचवीसेक वेळा सुरू केली, प्रत्येक वेळी झाली. स्कॅनिंगचे ५०० आणि १८ टक्के कर, ५९० रुपये. सोबत एस्टिमेट, ‘खबरदारी म्हणून’ नवा स्टार्टर संच, ९,८०० रुपये. मी म्हटलं, दोष सापडला नाही तर बदलायचं काय? ॲडव्हायझर पोरगेलासा होता, तोही हसला. एस्टिमेट घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि गाडी घेऊन आले. फाटकाबाहेर रस्त्यावर आल्यावर मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केली. झाली. इतकी चीड आली!

त्या रात्री एक जुनी शंभर पानी वही काढली. मूल्यमापनाच्या नोंदी करायची सवय नोकरीने लावलेलीच आहे. रकाने आखले: तारीख, वेळ, गाडी किती वेळ उभी होती, थंड की गरम, आवाज, दिवे, कितव्या प्रयत्नात सुरू झाली, इतर काही. आठ दिवसांत गाडी २९ वेळा सुरू केली, त्यात सहा वेळा टक. थंडी-उन्हाशी संबंध दिसेना. रात्रभर उभी असताना दोनदा, दहा मिनिटांच्या थांब्यानंतर चारदा. एक गोष्ट मात्र सहाही नोंदींत सारखी होती. रात्री हेडलाइट लावून बघितलं तरी टक होताना समोरच्या भिंतीवरचा उजेड कमी होत नव्हता. बॅटरी बसलेली असेल तर किल्ली फिरवताक्षणी दिवे मान टाकतात. माझे दिवे ताठ.

‘इतर काही’ या रकान्यात मी नुसतं मन मोकळं करायला म्हणून लिहीत होते. १२ तारखेला लिहिलंय, ‘डावीकडचा वायपर आवाज करतो.’ १३ला, ‘क्लच जड. पाय दुखला.’ १५ला, ‘क्लच फारच जड, प्लेट गेली की काय? आता तो खर्च.’ १६ला, ‘क्लच जड.’

१८ जानेवारीला, शनिवारी, सकाळची शाळा. सुटल्यावर परस्पर मिरजेला गेले. आमच्या शाळेचे शिपाईमामा सांगत होते की स्टेशनच्या बाजूला एक चाचा आहेत, फक्त वायरिंगचं काम करतात, ट्रॅक्टरपासून एसटीपर्यंत. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, वर जुन्या हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्यांची, वेटोळी लोंबताहेत. चाचांनी आधी गाडीला हातच लावला नाही. वही मागितली. चष्मा वर करून एकेक ओळ वाचली, वायपरचीसुद्धा.

“जंपर, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या वायरी, लावल्यावर झाली होती ना चालू?”

“पहिल्या झटक्यात. म्हणून तर बॅटरी बदलली.”

“काळा चिमटा कुठं लावला होता त्यानं?”

आता हे मला कसं माहीत असणार? आणि मग तो फोटो आठवला. मुख्याध्यापकांना पाठवलेला, दीड महिना खाली गेलेला. शोधून काढला, मोठा करून दाखवला. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसवर. काळा चिमटा बॅटरीच्या मायनसवर नव्हताच, इंजिनला उचलायचा जो लोखंडी हूक असतो त्याला लावलेला होता.

चाचा म्हणाले, “पोरानं बरोबर लावला, असंच लावतात. ठिणगी बॅटरीपासून लांब पडावी म्हणून. पण त्यामुळं तुम्ही सगळे फसला.”

त्यांनी समजावलं ते असं. बॅटरीतून निघालेला करंट प्लसच्या वायरीने स्टार्टरला जातो, पण त्याला परतही यावं लागतं. परतीचा रस्ता म्हणजे स्टार्टरची बॉडी, इंजिन, तिथून एक जाड वायर चासीला आणि बॅटरीच्या मायनसला. ही अर्थची वायर. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही वायर नसेल तर ते गाडीपासून जवळजवळ तुटलेलं बेट. दिव्यांचा अर्थ थेट बॉडीला, म्हणून ते ताठ. मदतीच्या मुलाने काळा चिमटा इंजिनला लावला, म्हणजे त्याच्या बॅटरीने खराब वायर टाळून स्वतःचा नवा रस्ता दिला. गाडी सुरू झाली ती ताज्या बॅटरीमुळे नाही, चांगल्या अर्थमुळे.

मग मीटर काढला. काळी तार बॅटरीच्या मायनसच्या खांबाला, लाल तार इंजिनच्या उघड्या धातूला. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. “मारा सेल्फ.” सुरू झाली, आकडा ०.९ व्होल्ट. “हे अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. चांगल्या गाडीत ०.२ वगैरे.” बंद करून पुन्हा. १.१. पाचव्यांदा, गाडीने लाज राखली, टक झालं. मीटरवर ६.५. म्हणजे बॅटरीचा निम्म्याहून जास्त जोर त्या एका वायरीतच अडकत होता. त्याच वेळी शागिर्दाने बॅटरीवर लावलेल्या दुसऱ्या मीटरवर ११.९. बॅटरी बिचारी उभीच होती.

“आता इथं हात लावा ताई.”

त्यांनी क्लचच्या केबलचं काळं आवरण दाखवलं. बोट ठेवलं. चहाच्या काचेच्या ग्लासासारखं कोमट. इंजिन नुकतंच सुरू केलेलं, त्याची ऊब अजून तिथवर यायची होती. “परतीचा रस्ता बंद झाला की करंट मिळेल तिकडून पळतो. गिअरबॉक्सवरनं ह्या केबलीत, केबलीतनं पेडलला, पेडलनं बॉडीला. आतलं प्लॅस्टिक वितळतंय. म्हणून क्लच जड. प्लेटला काय झालेलं नाही.”

मी वहीतल्या त्या तीन ओळींकडे बघत राहिले.

चाचांनी अजून एकही बोल्ट उघडला नव्हता. एक जंपरची वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनला. “मारा. दहा वेळा मारा.” प्रत्येक वेळी पाच सेकंदांच्या आत, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, नाहीतर स्टार्टर तापतो. दहाच्या दहा वेळा सुरू. ही चाचणी कोणीही करू शकतं. जंपर वायरींची जोडी ५००-६०० रुपयांना मिळते. वायर फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवायची, आणि काळ्याला लाल कधीही टेकू द्यायचं नाही.

मग ती वायर काढली. गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला, स्टार्टरच्याच बोल्टमध्ये अडकवलेली, वीतभर लांबीची. वरून काळीकुळकुळीत, धडधाकट. चाचांनी टोकाजवळचं आवरण ब्लेडने उभं कापलं. आत तांब्याचा तांबडा रंग नव्हताच. हिरवी पूड भुरभुर खाली पडली आणि तिच्या मध्ये आठ-दहा तारा कशाबशा धरून होत्या.

“गाडी पाण्यात उभी होती काय कधी?”

होती. जुलै २०२१. तेव्हा आम्ही खणभागात राहायचो. २०१९ला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, त्यामुळे २०२१ला सगळे शहाणे झाले होते. आम्हीसुद्धा गाडी हलवली, पण अपुरी लांब. अर्ध्या चाकापर्यंत पाणी दीड दिवस. आत सीटखाली फारसं शिरलं नव्हतं. ऑइल बदललं, ब्रेक साफ केले, मॅट वाळवले, बॅटरी बदलली आणि सुटलो असं समजलो. ती वायर बरोबर त्या पातळीवर होती. टोकाच्या लगमधून (बोल्टला अडकवायच्या धातूच्या कडीतून) पाणी आत शिरलं आणि साडेतीन वर्षं आतल्या आत काम करत राहिलं. तुमची गाडी पुरात उभी राहिली असेल तर खालच्या अंगाच्या अर्थच्या वायरी एकदा काढून बघाच. बाहेरून बघून काही कळत नाही.

आणि आधीच्या दुरुस्त्या काही दिवस का टिकल्या तेही उलगडलं. मिस्त्रींनी स्टार्टर काढला तेव्हा तोच बोल्ट सैल करून पुन्हा आवळला. तारा हलल्या, थोड्या जुळल्या, २० दिवस निघाले. बॅटरी बदलताना ट्रे आणि वायरी हलल्या असतील, तेवढ्यावर दहा.

नवी वायर चाचांनी तिथेच बनवली. जाड तांब्याची, दोन्ही टोकांना लग दाबून, वर गरम करून आवळणारी नळी. बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, आवळल्यावर ग्रीस. मीटर ०.१८. एकूण ४५० रुपये. क्लचची केबल त्यांच्याकडे नव्हती. ती सोमवारी, २० तारखेला, आमच्या मिस्त्रींनी बसवली, मजुरीसह ७८०. मी कापलेली वायर त्यांच्यासाठी मुद्दाम घेऊन गेले होते. त्यांनी ती दिव्याखाली धरली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाले, “हिला मी स्वतःच्या हातानं बाजूला करून सेल्फ काढला.” मग विचारलं, मीटर नेमका कुठून कुठे लावला होता. मी वहीवर आकृती काढून दिली. केबलच्या मजुरीचे पैसे ते घेत नव्हते, बळेच दिले.

सगळा हिशोब ८,२२० रुपये. त्यातले खऱ्या आजारावर गेले १,२३०.

मंगळवारी शाळा सुटल्यावर गाडीत बसले तर नववीची चौघं मागच्या बाजूला जाऊन उभी, दप्तरं खाली ठेवलेली, हात डिकीवर. काच खाली करून सांगितलं, आता ढकलायची गरज नाही. किल्ली फिरवली, सुरू झाली. “झाली की वो मॅडम,” एक जण म्हणाला आणि दप्तर उचलून थोडा नाराजच होऊन गेला. नवा क्लच इतका मऊ की सवयीने पाय जोरात दाबला गेला, अंदाज चुकला आणि फाटकाच्या आत गाडी झटका खाऊन बंद पडली. चौघंही पळत परत आली.

त्यांनी हात लावायच्या आत मी किल्ली फिरवली.